पोटाची लोंबती कातडी आणि विम्याचा ‘कॉस्मेटिक’ शिक्का

पत्र आलंय गुहागर तालुक्यातून. नाव-गाव काढून, थोडं आखडून देतेय:

“ताई नमस्कार. माझं वय ४४, आमची घरगुती खानावळ आहे आणि वर दोन खोल्या पर्यटकांना देतो. माझं वजन ११६ किलो होतं, शुगर कशानेच आटोक्यात येईना म्हणून अडीच वर्षांपूर्वी पुण्यात स्लीव्हची (जठर लहान करून वजन उतरवायची) सर्जरी केली, ती विम्यातून झाली. आता वजन ६८ आहे आणि आठ महिने तिथेच टिकलंय, शुगरच्या गोळ्या बंद झाल्या. पण पोटाची कातडी झोळीसारखी खाली लोंबते, जांघेच्या खाली येते. पावसाळ्यात त्या घडीत सतत ओलं राहतं, लाल होतं, चिरा पडतात, वास येतो. चुलीसमोर उभं राहिलं की आग आग होते. घडीत जुन्या सुती साडीचं फडकं घालून काम करते, दिवसातून तीनदा बदलते. सर्जननी कातडी काढायचं ऑपरेशन सांगितलं, एस्टिमेट २ लाख ४० हजार. हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कवरची मुलगी म्हणाली हे कॉस्मेटिक आहे, होणारच नाही, पाठवून उपयोग नाही. आमचा एजंट म्हणतो हर्निया दाखवून टाकू, मी बघतो. सासूबाई म्हणतात, ‘झालं ना गो बारीक, आता कशाला ही नसती थेरं.’ पॉलिसी ७ वर्षं जुनी आहे, ५ लाखांची. मला खरंच काही मिळेल का? की एकदा कंपनीने एवढे पैसे दिल्यावर परत मागणं म्हणजे हावरटपणा?”

ताई, आधी शेवटचा प्रश्न, कारण तो मनातून गेल्याशिवाय बाकीचं तुम्ही नीट वाचणार नाही. हावरटपणा वगैरे काही नाही हो. सात वर्षं प्रीमियम भरलाय तुम्ही, कंपनी काही तुम्हाला ओवाळणी घालत नाहीये, आणि पहिला क्लेम दिला म्हणून दुसरा मागायचा नाही असं कुठल्याच पॉलिसीत लिहिलेलं नसतं.

आता खरं सांगते. मी बारा वर्षं एका टीपीएमध्ये, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेत, क्लेम बघायचं काम केलंय, म्हणजे तुमच्यासारख्यांच्या फायली ज्या टेबलावर जातात ना, त्या टेबलाच्या पलीकडे मी बसायचे. त्यामुळे गोड बोलून तुम्हाला आशेला लावणार नाही. ही केस कठीण आहे. पण ‘होणारच नाही’ हे त्या डेस्कवरच्या मुलीचं म्हणणं चूक आहे, आणि तिने पाठवायच्या आधीच नाही म्हणणं तर जास्तच चूक, कारण नाही म्हणायचा अधिकार कंपनीचा, तिचा नव्हे. तिचाही फार दोष नाही, रोज चाळीस फायली असतात, जी परत येणार असं वाटतं ती ती पुढे ढकलतच नाही.

तुमची पॉलिसी काढा, ते जाडजूड पुस्तक, जे आपण सगळेच कपाटात साड्यांच्या खाली ठेवतो. त्यात एक्सक्लुजन्सचं, म्हणजे कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत त्याचं, पान शोधा. २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ही एक्सक्लुजन्स सगळ्या कंपन्यांना एकसारख्या शब्दांत लिहायला लावली आणि प्रत्येकाला कोड दिला, त्यामुळे तुमची कंपनी कुठलीही असो, कोड तोच सापडेल. तुमच्या कामाचे दोन. एक ०६, तो लठ्ठपणाचा. त्यात सर्जरी मिळायला अटी आहेत: वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत आटोक्यात न येणारी शुगर किंवा हृदयाचा वगैरे गंभीर आजार. तुमची पहिली सर्जरी याच दारातून आत गेली. पण आता तुम्ही ६८ किलोच्या आहात, ते दार बंद झालं, आणि मला बऱ्याच बायका भेटतात ज्या म्हणतात की ‘वजनाच्या सर्जरीचाच हा पुढचा भाग आहे ना, मग तो त्यातच धरा’. धरत नाहीत. कंपनीच्या लेखी वजनाची सर्जरी संपली, हे नवीन प्रकरण.

दुसरा कोड ०८, कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी. डेस्कवरच्या मुलीने हा वाचला, पण अर्धाच. पूर्ण वाक्याचा अर्थ असा आहे: दिसणं बदलण्यासाठीच्या सर्जरीचा खर्च मिळणार नाही, अपवाद म्हणजे अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची दुरुस्ती, किंवा पेशंटच्या तब्येतीला असलेला थेट आणि तात्काळ धोका काढून टाकण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा उपचार, आणि ही गरज आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरने सर्टिफाय केलेलं पाहिजे. बस, तुमचं अख्खं भांडण या शेवटच्या तुकड्यात आहे. ‘थेट आणि तात्काळ धोका’. लोंबणारी कातडी वाईट दिसते याला धोका म्हणत नाहीत. साडी नीट बसत नाही, घरात आरशासमोर जावंसं वाटत नाही, हे सगळं खरं आहे आणि मला ते कळतंय, पण फाइलमध्ये ते एका ओळीनेही येता कामा नये. घडीतली कातडी सतत ओली राहून सोलते, त्यात बुरशी आणि जंतू वाढतात, ते वारंवार होतं, औषधाने जातं आणि परत येतं, आणि तिथून इन्फेक्शन खालच्या थरात पसरलं तर सेल्युलायटिस होतो ज्याला अॅडमिट होऊन अँटिबायोटिक लावावे लागतात, हा धोका. आणि पूर्वीची शुगरवाली बाई आहात, हेही त्यात येतं.

एक गोष्ट सांगते, मलाच अजून टोचते. एक फाइल आली होती माझ्याकडे, माणूस होता, पन्नाशीचा, तुमच्यासारखंच चाळीसेक किलो उतरलेला. त्याच्या पोटाखालचे फोटो इतके वाईट होते की मी जेवणाचा डबा बाजूला ठेवला. दोनदा अॅडमिट झालेला, डिस्चार्ज कार्ड जोडलेलं. पण सर्जनच्या पहिल्या कागदावर, घाईघाईत लिहिलेलं एक वाक्य होतं, ‘पेशंटला टमी टक करून हवं आहे’. बाकी बारा पानं एका बाजूला आणि ते एक वाक्य एका बाजूला. माझ्या वरच्या साहेबांनी त्याच शब्दाखाली लाल रेघ मारली आणि फाइल मला परत दिली, नाकारायला. नाकारली मी. पत्र माझ्याच नावाने गेलं.

म्हणून सर्जनकडे परत जाल तेव्हा पहिली गोष्ट ही विचारा, माझ्या कागदावर नेमकं कुठल्या ऑपरेशनचं नाव लिहिलंय? दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण बोलताना दोन्हीला ‘पोटाची कातडी काढणं’च म्हणतो. पॅनिक्युलेक्टमी म्हणजे ती लोंबणारी झोळी कापून काढणं, एवढंच. अॅब्डॉमिनोप्लास्टी म्हणजे टमी टक, त्यात पोटाचे स्नायू आवळतात, बेंबी नवीन जागी बसवतात, पोट सपाट दिसावं हा हेतू असतो. पहिलं उपचारात बसू शकतं. दुसऱ्याला कुठलीच कंपनी हो म्हणणार नाही. अमेरिकेतसुद्धा, जिथे अशा केसेस रोजच्या आहेत, तिथल्या कंपन्या हाच फरक करतात, आणि साधारण मागतात काय तर कातडी जांघेच्या हाडाखाली लोंबत असल्याचे फोटो, काही महिने औषध करूनही रॅश न गेल्याची नोंद आणि वजन सहा महिने टिकल्याचा पुरावा. आपल्याकडे इतकी सरळ यादी कोणी छापून देत नाही, पण क्लेम बघणारा डॉक्टर मनात हेच शोधत असतो, मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलंय. म्हणून आपण न मागताच द्यायचं.

तुमच्या एस्टिमेटवरही नजर टाका. त्यात सर्जरीच्या रकमेवर जीएसटी लावलाय का? कारण उपचाराला जीएसटी माफ असतो आणि निव्वळ दिसण्यासाठीच्या सर्जरीला माफ नसतो. म्हणजे हॉस्पिटलने जर टॅक्स लावला असेल तर हॉस्पिटल स्वतःच कागदावर कबूल करतंय की हे कॉस्मेटिक आहे, आणि मग तुम्ही कंपनीशी कशाला भांडताय. आधी हॉस्पिटलशी बोला, सर्जनला सांगा एस्टिमेट पॅनिक्युलेक्टमीचंच बनवा. तुम्हाला बेंबी-स्नायूंचं कामही करून घ्यायचं असेल तर ते जरूर करा, पण त्याचा खर्च वेगळा लिहून घ्या आणि तो खिशातून द्या. मिसळ झाली की दोन्ही जातात.

आता खरं काम. पावसाळा चालू आहे ना? मग उत्तम, म्हणजे तुमच्यासाठी वाईट पण फाइलसाठी उत्तम. ऑक्टोबरपर्यंत थांबलात की कातडी सुकेल, लाली उतरेल आणि कोरड्या पोटाचे फोटो घेऊन तुम्ही कंपनीला ओल्या पोटाची गोष्ट सांगत बसाल. याच आठवड्यात चिपळूणला त्वचारोगवाल्या डॉक्टरांकडे जा. जनरल डॉक्टर नको, स्किनचाच. आणि आपल्याकडे काय होतं, डॉक्टर बघतात, छोट्या चिठ्ठीवर दोन औषधं लिहितात, आजाराचं नाव लिहीतच नाहीत. ती चिठ्ठी मेडिकलवाल्यासाठी पुरते, फाइलसाठी नाही. हात जोडून सांगा की डॉक्टर, तारखेसकट निदान लिहा, इंटरट्रायगो (घडीत कातडी घासून-ओली राहून सोलणं) असेल तर इंटरट्रायगो, बुरशी असेल तर ती, चिरा किंवा जखमा किती, कुठे, किती दिवसांपासून, याआधी कितव्यांदा. मग औषध करा, पंधरा दिवसांनी परत जा, बरं झालं तरी जा आणि नाही झालं तरी जा. परत झालं की परत जा. तीन-चार महिन्यांत अशा चार-पाच नोंदी झाल्या की ती एक साखळी तयार होते, आणि ‘वारंवार’ हा शब्द तुम्ही म्हणून उपयोग नाही, तारखांनी म्हटला पाहिजे.

इथे एक जरा रागावून सांगते. मेडिकलमधून आपल्या मनाने ट्यूब आणून लावू नका. ती सगळ्यांकडे असते ती, खाजेवर लगेच गुण येतो अशी, तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी दुप्पट पसरते, कातडी पातळ होते ते वेगळंच, आणि घडीच्या जागी तर ती आधीच पातळ असते. आणि क्लेमच्या बाजूने बघायचं तर तुम्ही वर्षभर गुपचूप ट्यूब लावत बसलात तर कंपनीच्या लेखी तुम्हाला वर्षभर काही झालंच नव्हतं. औषधांची बिलं ठेवा, तुमच्या नावाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळणारी.

फोटो. लाज वाटणार, मला माहितेय. पण घरी मोबाइलवर मुलीकडून काढलेले नकोत, डॉक्टरांच्या क्लिनिकमध्येच काढून घ्या, तिथल्या नर्सला सांगा. उभं राहून समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि मग घडी हाताने वर उचलून खालची कातडी दिसेल असा. चेहरा यायची गरज नाही. तारीख यायला हवी. फोटोत कातडी कुठपर्यंत येते ते दिसलं पाहिजे, सर्जन लोक त्याची पायरी लावतात, जांघेपर्यंत, मांडीपर्यंत, गुडघ्यापर्यंत अशी एक ते पाच, ती पायरी त्यांच्या पत्रात लिहून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची पहिल्या पायरीच्या पुढची असणार.

वजनाचा पुरावाही लागेल. स्लीव्हचं डिस्चार्ज कार्ड, तेव्हाचं वजन-उंची, नंतरच्या फॉलोअपच्या नोंदी. आठ महिने ६८ वर आहे हे नुसतं सांगून भागत नाही, दर महिन्याला कुठल्यातरी दवाखान्यात काट्यावर उभ्या राहून कागदावर लिहून आणा, आपल्या पीएचसीतही होईल. सर्जनही हेच बघतात, कारण वजन हलतंय तोवर कापलं तर परत लोंबतं.

आणि या सगळ्यावर शेवटी सर्जनचं पत्र. एक पान, जास्त नको. त्यात हे यावं: निदान काय, किती दिवसांपासून, कोणते उपचार झाले आणि फसले, ऑपरेशन नाही केलं तर काय धोका, आणि ही शस्त्रक्रिया दिसण्यासाठी नसून वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे हे स्पष्ट वाक्य. ‘सर्टिफाय’ हा शब्द कलमात आहे, म्हणून तो पत्रातही हवा. सर्जन ‘अशी पत्रं मी देत नाही’ म्हणाले तर समजून जा की त्यांनाच ते गरजेचं वाटत नाहीये, मग दुसरं मत घ्या.

तुमच्या त्या एजंटबद्दल. हर्निया दाखवून टाकू म्हणणारे एजंट मी पोत्याने पाहिलेत. ताई, नका करू. ऑपरेशनचे फोटो असतात, पॅथॉलॉजीला पाठवलेल्या कातडीचं वजन असतं, ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, नोट्स असतात, भूलतज्ज्ञाचा कागद असतो, सगळे खोटं बोलत नाहीत. पकडलं गेलं तर क्लेम तर जातोच, फसवणूक म्हणून पॉलिसीच रद्द करू शकतात, आणि ७ वर्षं जपलेली पॉलिसी गेली तर ४४ व्या वर्षी, शुगरचा इतिहास घेऊन, नवीन कोण देणार तुम्हाला? एजंटचं काय जातंय.

पण हर्निया खरोखरच असेल तर गोष्ट वेगळी. इतकं वजन असलेल्या आणि बाळंतपणं झालेल्या बाईला बेंबीजवळ हर्निया असणं काही नवल नाही. सोनोग्राफी करून घ्या. नुसते पोटाचे स्नायू मधून फाकलेत असं आलं तर तो हर्निया नव्हे, दोन्हीत गल्लत करू नका. खरा हर्निया निघाला तर त्याचं ऑपरेशन पॉलिसीत बसतं, हर्नियाला सुरुवातीची जी वेटिंगची मुदत असते ती तुमची केव्हाच उलटली, आणि मग सर्जन एकाच वेळी दोन्ही करू शकतात, हर्नियाचा भाग कंपनीकडे आणि कातडीचा भाग या वरच्या फाइलनिशी. खर्च दोन ओळींत वेगळा. खरं असेल ते खऱ्या नावाने.

फाइल तयार झाली की हॉस्पिटलमार्फत प्रीऑथ, म्हणजे ऑपरेशनआधी कॅशलेस मंजुरीची विनंती, पाठवायला सांगा, आणि डेस्कवरून परत ‘उपयोग नाही’ आलं तर गोड हसून म्हणा की पाठवा, नाकारलं तर मला पत्र हवंय. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात उत्तर द्यायचं असतं. तासाभरात ‘क्वेरी’ येईल बहुतेक, अमुक कागद पाठवा, तमुक खुलासा करा. तोंडी उत्तर देऊ नका, हॉस्पिटलकडून लेखीच जाऊ दे आणि त्याची कॉपी मागा.

समजा कॅशलेस नाकारलं. बरेच जण इथेच घरी जातात. कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. तुम्ही पैसे भरून ऑपरेशन करून मग रिइम्बर्समेंटला क्लेम टाकू शकता, आणि तेव्हा ओटीच्या नोट्स, पॅथॉलॉजी रिपोर्ट, सगळं जास्त भरभक्कम असतं. यात अर्थात २ लाख ४० हजार आधी तुमचे जातात आणि परत येतीलच असं नाही, म्हणून कर्ज काढून हा जुगार खेळू नका, जे गेलं तरी खानावळ चालेल एवढंच लावा. हो, आणि खोलीच्या भाड्याची मर्यादा पॉलिसीत आहे का तेही बघा. असली आणि तुम्ही महागडी खोली घेतलीत तर नुसत्या खोलीचे नाही, सर्जनच्या फीसकट त्याच प्रमाणात पैसे कापतात, लोकांना हे डिस्चार्जच्या दिवशी कळतं.

आणि क्लेमही नाकारला तर? आता कंपनीला एकट्या क्लार्कच्या सहीने क्लेम फेटाळता येत नाही, त्यांच्या आतल्या रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते, आणि पत्रात पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली नाकारलं ते लिहावं लागतं. ते कलम बहुतेक ०८ च असेल, अर्धंच उचललेलं. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, सोबत नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर टाका, तिथे टोल फ्री १५५२५५ आहे. त्यात समाधान नाही झालं किंवा महिनाभर उत्तरच नाही आलं तर विमा लोकपाल, म्हणजे इन्शुरन्स ओम्बड्समन. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही, तुम्हीच बोलायचं. ५० लाखांपर्यंतचे दावे बघतात, नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं, आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते म्हणजे खानावळ बंद करून शहर गाठायला नको. निकाल तुमच्या बाजूने लागला तर कंपनीला ३० दिवसांत पाळावाच लागतो. विरुद्ध लागला तरी तुम्हाला ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो, फक्त उलटं करू नका, आधी आयोगात गेलात तर लोकपाल ती तक्रार घेत नाहीत.

लोकपालासमोर तुम्हाला भाषण करायचं नाहीये. तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य आहे ना, जुन्या साडीचं फडकं घडीत घालून दिवसातून तीनदा बदलते, ते सांगा आणि तारखांचे कागद पुढे करा. अख्ख्या पत्रात मला तेच वाक्य सगळ्यात खरं वाटलं.

व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्यापर्यंतही आलाच असेल, की पाच वर्षं झाली की कंपनीला कुठलाच क्लेम नाकारता येत नाही. अर्धवट आहे तो. ६० महिने सलग झाले की तुम्ही सुरुवातीला आजार लपवला होता या कारणावरून नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तर वेगळं. पण जे मुळातच एक्सक्लुजनमध्ये आहे ते सात वर्षांनी काय, सत्तर वर्षांनी पण एक्सक्लुजनमध्येच. तो मेसेज प्रिंट काढून फाइलला लावू नका म्हणजे झालं, मी असे पण बघितलेत.

कंपनीने शेवटपर्यंत नाहीच दिलं तर मुंबईच्या मोठ्या सरकारी-पालिका हॉस्पिटलांत, केईएम, सायन, जे.जे., प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत आणि खर्च खाजगीच्या पासंगालाही पुरणार नाही. चिपळूणहून तुतारी एक्सप्रेसने रात्री निघालात की सकाळी दादर. नंबर लागायला वेळ लागेल, खेपा होतील, कोणीतरी सोबत हवं. महात्मा फुले योजनेचंही विचारा, पॅकेजच्या यादीत तुमची सर्जरी बसते का हे योजनेतल्या हॉस्पिटलातला आरोग्यमित्र सांगेल, दिसण्यासाठीचं काही त्यात मिळणार नाही हे धरूनच जा.

ऑपरेशनबद्दल दोन शब्द, कारण पैशाच्या नादात हे राहतं. छोटं नाहीये हे. कंबरेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर असते, काही दिवस नळ्या लावलेल्या असतात, आत पाणी साठू शकतं, टाके उसवू शकतात. स्लीव्हनंतर प्रोटीन, लोह, बी१२ कमी पडतात आणि मग जखम भरत नाही, म्हणून आधी रक्त तपासून घ्या. आणि तुम्ही लिहिलं नाहीये, पण आपल्या बाजूला बघते म्हणून विचारते, मिश्री लावता का? लावत असाल तर किमान महिनाभर आधीपासून बंद, तीही तंबाखूच आहे, निकोटिनने कातडीला रक्त पुरत नाही आणि चिरेच्या कडा काळ्या पडतात. डॉक्टर ‘सिगरेट ओढता का’ विचारतात, बायका ‘छे’ म्हणतात, आणि मिश्रीचं नाव कोणी काढतच नाही. नंतर दीड महिना हंडा नाही, सिलिंडर नाही, पाट्यावर वाकणं नाही. तेव्हा गणपतीच्या आधी तर विचारच नको, मुंबईकर येऊन गेले की मग तारीख घ्या, तोवर फाइलही भरेल, आणि सीझन सुरू व्हायच्या वेळी खानावळीत कोण उभं राहणार ते आत्ताच ठरवा.

सासूबाईंचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या पिढीत पोट सुटणं आणि पोट लोंबणं दोन्ही बायकांनी मुकाट सोसायच्याच गोष्टी होत्या. एकदा दुपारची पंगत उठल्यावर त्यांना आत बोलवा आणि घडी उचलून दाखवा. काही बोलू नका. मला नाही वाटत त्या ‘थेरं’ परत म्हणतील, आणि म्हणाल्याच तर निदान सुट्टीत चुलीसमोर कोण उभं राहणार हा प्रश्न त्यांच्याच गळ्यात घाला.

चिपळूणला जाताना जुन्या सगळ्या चिठ्ठ्या न्या, आणि जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या. एसटीच्या खिडकीतून पाणी येतं, आणि शाई फुटलेली तारीख कोणीच वाचत नाही.